डायलिसिसच्या पिशवीतली साखर

मूत्रपिंडे निकामी झाल्यावर पोटात द्रावण सोडून आणि काही तासांनी ते बदलून रक्त स्वच्छ करण्याच्या उपचारावर, म्हणजे पोटाच्या डायलिसिसवर, गेल्या अंकात लेख होता. त्यात ‘या द्रावणात ग्लुकोज असते’ असे एक वाक्य ओझरते येऊन गेले होते. त्या एका वाक्यावर आलेली पत्रे बाकी सगळ्या विषयांवरच्या पत्रांपेक्षा अधिक भरली. त्यात नवल नाही, कारण या उपचारावरचे गेल्या काही दशकांतले बरेचसे संशोधन त्याच साखरेभोवती फिरत आले आहे. म्हणून या वेळचे सदर संपूर्णपणे याच विषयाला दिले आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या वडिलांना वीस वर्षांपासून मधुमेह आहे आणि त्यापायीच त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. आता दिवसातून चार वेळा त्यांच्या पोटात जी पिशवी सोडली जाते, तिच्यावर ‘ग्लुकोज २.२७ टक्के’ असे छापलेले असते. ज्या साखरेने हे सारे घडवून आणले, तीच पुन्हा पोटात का भरायची?

उत्तर : तुमची शंका रास्त आहे आणि ती डॉक्टरांनाही पडलेली आहे. उत्तरासाठी डायलिसिसची दोन कामे वेगवेगळी समजून घ्यावी लागतील. पहिले काम रक्तातील युरिया, क्रिॲटिनिन, पोटॅशियम यांसारखे पदार्थ बाहेर काढण्याचे. पोटाच्या पोकळीला आतून पेरिटोनियम नावाच्या पातळ पडद्याचे अस्तर असते आणि त्यात रक्ताच्या केशवाहिन्यांचे दाट जाळे असते. पोटात दोन लिटर स्वच्छ द्रावण सोडले की हे पदार्थ जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे आपोआप झिरपत येतात, आणि त्यासाठी साखरेची गरज नसते. दुसरे काम शरीरात साठलेले जादा पाणी काढण्याचे, आणि ते मात्र आपोआप होत नाही. यंत्रावरच्या डायलिसिसमध्ये दाबाच्या साहाय्याने पाणी खेचून घेता येते, पण पोटात तसा दाब देण्याची सोय नाही. तिथे पाणी ओढायचे तर परासरणाचाच आधार घ्यावा लागतो, म्हणजे द्रावण रक्तापेक्षा अधिक तीव्र करावे लागते. रक्तातील ग्लुकोजचे प्रमाण साधारण ०.१ टक्का असते, तर सर्वांत सौम्य पिशवीत ते १.३६ टक्के आणि सर्वांत तीव्र पिशवीत ३.८६ टक्के असते. या फरकाच्या जोरावर पाणी रक्तातून पोटात येते.

यासाठी ग्लुकोजच का, याचे कारण असे की ते स्वस्त आहे, शरीराच्या ओळखीचे आहे आणि रक्तात शिरले तरी जाळून संपवता येते. सॉर्बिटॉल आणि ग्लिसरॉल हे पर्याय पूर्वी वापरून पाहिले गेले, पण ते शरीरात साठत गेल्याने सोडून द्यावे लागले. १९७६ मध्ये पॉपोविच आणि मॉन्क्रीफ यांनी अमेरिकेत दिवसभर चालणाऱ्या पोटाच्या डायलिसिसची कल्पना मांडली तेव्हा ग्लुकोज हाच व्यवहार्य पर्याय होता, आणि मुख्यत्वे तोच आजही आहे. ती निवड चुकीची होती असे मला वाटत नाही. त्या द्रावणावर रुग्ण दहा-दहा वर्षे काढतील असा विचार मात्र तेव्हा कोणी फारसा केला नसावा.

ग्लुकोजचा दोष त्याच्या लहान आकारात आहे. त्याचा रेणू पडद्यातून रक्तात निसटत राहतो, त्यामुळे काही तासांत ओढ मंदावते आणि साखर रुग्णाच्या अंगी लागते. वडिलांच्या बाबतीत इन्सुलिनचे प्रमाण पिशव्यांच्या तीव्रतेनुसार बसवावे लागेल. पण केवळ या भीतीने कोणतीही पिशवी आपल्या मनाने बंद करू नका.

प्रश्न : दिवसभरात नेमकी किती साखर शरीरात जाते? डायलिसिस सुरू झाल्यापासून सासूबाईंचे जेवण कमी झाले आहे आणि वजन मात्र वाढते आहे.

उत्तर : हिशेब सोपा आहे. दोन लिटरच्या १.३६ टक्क्यांच्या पिशवीत सुमारे २७ ग्रॅम, २.२७ टक्क्यांच्या पिशवीत सुमारे ४५ ग्रॅम आणि ३.८६ टक्क्यांच्या पिशवीत सुमारे ७७ ग्रॅम ग्लुकोज असते. चार ते सहा तास पोटात राहिलेल्या पिशवीतील साधारण ६० ते ८० टक्के ग्लुकोज रक्तात शोषले जाते. तीन सौम्य आणि एक मध्यम अशा चार पिशव्या धरल्या तर दिवसाकाठी साधारण ७५ ते १०० ग्रॅम साखर, म्हणजे तीनशेच्या आसपास किलोकॅलरी, न जेवताच मिळतात. तीव्र पिशव्या वाढल्या की हा आकडा झपाट्याने चढतो. भूक मंदावणे, वजन वाढणे आणि रक्तातील ट्रायग्लिसराइड वाढणे या तिन्ही गोष्टींचा धागा इथे सापडू शकतो. तरीही वाढलेले वजन चरबीचे आहे की साठलेल्या पाण्याचे, हे आधी तपासून घ्या. पायांवर सूज असेल तर उपाय नेमका उलट दिशेचा असतो.

प्रश्न : मी औषधनिर्माणशास्त्र शिकवतो. ग्लुकोजचे द्रावण उष्णतेने निर्जंतुक करताना त्याचे विघटन होते. मग ही पिशवी सुरक्षित कशी?

उत्तर : तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवले आहे. साखर तापवली की तिचा रंग तपकिरी होत जातो, हे सर्वांनी पाहिलेले असते. द्रावणाची पिशवी १२१ अंश सेल्सिअसच्या आसपास वाफेवर निर्जंतुक केली जाते, आणि तेवढ्या उष्णतेत ग्लुकोजपासून मिथिलग्लायॉक्सल, फॉर्माल्डिहाइड, ३-डीऑक्सिग्लुकोसोन यांसारखे पदार्थ अल्प प्रमाणात तयार होतात. ते ग्लुकोजपेक्षा कितीतरी अधिक क्रियाशील असतात, पडद्याच्या पेशींना इजा करतात आणि प्रथिनांना चिकटून त्यांचे स्वरूप कायमचे बदलतात.

हे विघटन आम्लात कमी होते, म्हणून जुन्या पद्धतीच्या पिशवीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप; तो जितका कमी तितकी आम्लता अधिक) मुद्दाम ५.२ ते ५.५ इतका खाली ठेवलेला असतो. रक्ताचा सामू ७.४ असतो. बायकार्बोनेट कॅल्शियमबरोबर एकाच कप्प्यात ठेवले तर साका धरतो, म्हणून त्याच्या जागी लॅक्टेट घालतात. अशा रीतीने एक अडचण टाळताना आम्लता आणि लॅक्टेट या दोन नव्या अडचणी पदरात आल्या. काही रुग्णांना द्रावण आत जाताना पोटात जळजळल्यासारखे होते, त्यामागे बहुधा ही आम्लताच असते.

यावरचा तोडगा मला फार आवडतो, कारण त्यात नवे रसायन एकही नाही. पिशवीचे दोन कप्पे केले. एका कप्प्यात ग्लुकोज सुमारे ३ इतक्या सामूवर ठेवले, जिथे उष्णतेतही त्याचे विघटन फारच कमी होते, आणि दुसऱ्यात लॅक्टेट किंवा बायकार्बोनेट ठेवले. दोन्ही कप्पे वेगवेगळे तापतात आणि वापरण्याच्या आधी रुग्ण मधला सांधा दाबून उघडतो. मिसळलेले द्रावण सातच्या आसपासच्या सामूचे आणि विघटित पदार्थ खूपच कमी असलेले असते. सांधा न उघडता पिशवी लावली तर अर्धेच द्रावण पोटात जाते, म्हणून प्रशिक्षणात या पायरीवर पुन्हापुन्हा भर दिला जातो.

या पिशव्यांचा फायदा किती, यावर वाद झाले. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि सिंगापूरमधील १८५ रुग्णांवर झालेली बालान्झ चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. मूत्रपिंडांचे उरलेसुरले कार्य घटण्याचा वेग मोजणे हा तिचा मुख्य हेतू होता आणि त्या मापात दोन गटांत ठोस फरक आढळला नाही. लघवी पूर्ण बंद होण्यास मात्र नव्या पिशवीवर अधिक काळ लागला आणि पोटातील जंतुसंसर्गही कमी झाला. पुढे अनेक चाचण्या एकत्र करून केलेल्या विश्लेषणांनी लघवी टिकण्याच्या फायद्याला दुजोरा दिला. माझ्या मते तेवढे कारण या पिशव्यांच्या बाजूने पुरेसे आहे. पण एक गोष्ट विसरता कामा नये. दोन कप्प्यांच्या पिशवीत साखरेचे वाईट सोबती कमी झाले, साखर तेवढीच राहिली.

प्रश्न : मी सहा वर्षे पोटाच्या डायलिसिसवर आहे. पूर्वी सौम्य पिशवीने भागत असे, आता डॉक्टर तीव्र पिशवी वापरायला सांगतात. पडदा ‘थकतो’ म्हणजे काय होते?

उत्तर : थकतो हा शब्द सोयीचा असला तरी थोडा फसवा आहे, कारण पडद्यात प्रत्यक्ष भर पडत असते. पेरिटोनियमचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासून २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात निरोगी व्यक्तींमध्ये पेशींच्या आवरणाखालच्या तंतुमय थराची जाडी ५० मायक्रॉन आढळली (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पोटाच्या डायलिसिसच्या पहिल्या दोन वर्षांत ती १८० मायक्रॉन होती आणि आठ वर्षांहून अधिक काळ झालेल्यांमध्ये सुमारे ७०० मायक्रॉन. त्याच अभ्यासात डायलिसिस सुरू होण्यापूर्वीच, केवळ मूत्रपिंडे निकामी झाल्याने, हा थर १४० मायक्रॉनपर्यंत वाढलेला दिसला होता. सगळा दोष द्रावणाच्या माथी मारणे म्हणूनच न्याय्य नाही.

जाडी वाढते तशा नव्या केशवाहिन्याही फुटतात. वाहिन्या वाढल्या की ग्लुकोज अधिक वेगाने रक्तात निसटते, ओढ लवकर संपते आणि पाणी कमी निघते. मग तेवढेच पाणी काढायला अधिक तीव्र पिशवी लागते, ती पडद्याला आणखी इजा करते, आणि चक्र असे चालू राहते. तुमच्या बाबतीत तीव्र पिशवी वाढवण्याआधी पडद्यातून ग्लुकोज किती वेगाने निसटते हे दाखवणारी चाचणी झाली आहे का, हे विचारून घ्या. फार थोड्या रुग्णांत, विशेषतः अनेक वर्षांनंतर, पडदा इतका घट्ट होतो की तो आतड्यांना आवळतो. ही गंभीर पण विरळ अवस्था आहे.

हे बदल केवळ विघटित पदार्थांमुळे होतात, अशी आशा बरीच वर्षे बाळगली गेली. जर्मनीतील हायडेलबर्गच्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तिला धक्का दिला. विघटित पदार्थ कमी असलेल्या द्रावणावरच्या लहान मुलांच्या पडद्यातही सुरुवातीच्या काही महिन्यांतच केशवाहिन्या लक्षणीय वाढलेल्या आढळल्या. सामू सुधारला, विघटन कमी केले, तरी ग्लुकोज स्वतः निरुपद्रवी ठरत नाही, हे त्यावरून स्पष्ट झाले.

प्रश्न : रात्रीसाठी ‘आयकोडेक्स्ट्रिन’ची एक पिशवी दिली आहे. तिच्यात साखर नाही म्हणतात. मग चारही पिशव्या त्याच का देत नाहीत? आणि ती सुरू केल्यापासून घरच्या ग्लुकोमीटरवर साखर वाढलेली दिसते, ती का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्याला विलंब चालणार नाही. आयकोडेक्स्ट्रिन शरीरात गेले की त्याचे मोडून माल्टोज तयार होते. जीडीएच-पीक्यूक्यू या विकराच्या पट्ट्या वापरणाऱ्या ग्लुकोमीटरला माल्टोज आणि ग्लुकोज यांतला फरक कळत नाही, आणि तो साखर खोटीच वाढलेली दाखवतो. त्या आकड्यावर विसंबून इन्सुलिन वाढवले तर खरी साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, आणि तेव्हाही मीटर सर्व ठीक असल्याचे सांगत राहतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ मध्ये अशा पट्ट्यांबाबत इशारा दिला, तेव्हा खोट्या आकड्यांशी संबंधित १३ मृत्यूंची नोंद त्यात होती. तुमच्या पट्ट्यांच्या डबीवरील माहितीपत्रक आजच वाचा किंवा डायलिसिसच्या नर्सला दाखवा. आयकोडेक्स्ट्रिन बंद केल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. म्हणून दुसऱ्या कोणत्याही कारणाने रुग्णालयात दाखल व्हावे लागले तरी तिथल्या लोकांना ही गोष्ट आवर्जून सांगायची असते.

आता पहिला प्रश्न. आयकोडेक्स्ट्रिन हा मक्याच्या स्टार्चपासून केलेला ग्लुकोजचाच लांब साखळीचा पदार्थ आहे आणि त्याचे ७.५ टक्क्यांचे द्रावण वापरतात. द्रावणाची एकूण तीव्रता जवळपास रक्ताइतकीच असते, पण मोठे रेणू पडद्यातून सहजी निसटत नसल्यामुळे त्याची ओढ मंद आणि दीर्घकाळ टिकणारी असते. ब्रिटनमध्ये २०९ रुग्णांवर झालेल्या आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिडास चाचणीत आठ तासांनंतर १.३६ टक्के ग्लुकोजच्या साडेतीन पट आणि बारा तासांनंतर साडेपाच पट पाणी आयकोडेक्स्ट्रिनने काढले. ३.८६ टक्क्यांच्या पिशवीच्या बरोबरीचे हे काम होते. ग्लुकोज बरेचसे पाणी पेशींतील अॅक्वापोरिन या केवळ पाण्यासाठीच्या वाटांनी ओढते, त्यामुळे सुरुवातीला पाणी निघते आणि मीठ मागे राहते. आयकोडेक्स्ट्रिन पेशींमधल्या फटींतून पाणी आणि मीठ बरोबरच ओढते, आणि रक्तदाबाच्या दृष्टीने हा फायदा लहान नाही.

तरीही ‘साखर नाही’ हे अर्धसत्य आहे. दोन लिटरच्या पिशवीत १५० ग्रॅम आयकोडेक्स्ट्रिन असते आणि बारा तासांत त्यातले सुमारे ४० टक्के शोषले जाते. त्यापासून तयार होणारे माल्टोज निकामी मूत्रपिंडांना बाहेर टाकता येत नाही. पिशव्या वाढवल्या तर ते साठत जाईल, आणि म्हणून दिवसातून एकच पिशवी, तीही सर्वांत लांब मुक्कामासाठी, असा शिरस्ता आहे. चार तासांच्या मुक्कामात तिचा प्रभाव तसाही फारसा जाणवत नाही.

प्रश्न : अमिनो आम्लांची पिशवी सर्वांनाच का देत नाहीत?

उत्तर : १.१ टक्का अमिनो आम्लांच्या पिशवीने दिवसातली एक ग्लुकोजची पिशवी टळते आणि कुपोषित रुग्णाला थोडे पोषणही मिळते. पण त्यामुळे युरिया आणि आम्लता वाढते, आणि म्हणून दिवसाला एकीच्या पुढे जाता येत नाही. पाणी काढण्याचे तिचे बळ १.३६ टक्क्यांच्या पिशवीइतकेच आहे.

प्रश्न : आयकोडेक्स्ट्रिन, अमिनो आम्ले आणि उरलेल्या वेळी सौम्य ग्लुकोज अशी सांगड घातली तर साखरेचा प्रश्न जवळजवळ सुटतो, असे वाटते. मग ही पद्धत सरसकट का स्वीकारली गेली नाही?

उत्तर : या सदरातील सर्व पत्रांत मला हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटला. नेमकी हीच सांगड २५१ मधुमेही रुग्णांवर तपासली गेली. इम्पेंडिया आणि ईडन या दोन चाचण्यांचे एकत्रित निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला सर्व पिशव्या ग्लुकोजच्या दिल्या आणि दुसऱ्या गटात त्यांतील काहींच्या जागी आयकोडेक्स्ट्रिन आणि अमिनो आम्लांच्या पिशव्या वापरल्या. सहा महिन्यांनी दुसऱ्या गटाचे एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तशर्करेचा सरासरी अंदाज देणारी तपासणी) पहिल्याच्या तुलनेत अर्ध्या टक्क्याने उतरले आणि ट्रायग्लिसराइडही सुधारले. प्रयोगशाळेच्या अहवालापुरते पाहिले तर यश मिळाले होते.

पण त्याच गटात गंभीर दुष्परिणाम आणि मृत्यू अधिक झाले. त्यातल्या अनेक घटनांचा संबंध शरीरात पाणी साठण्याशी होता. साखर कमी करण्याच्या नादात पाणी पुरेसे निघते की नाही, याकडे दुर्लक्ष झाले असावे, असा त्याचा अर्थ बहुतेक जाणकार लावतात आणि मलाही तो पटतो. ग्लुकोज दुष्परिणाम करते हे खरे. पण फुप्फुसात साठलेले पाणी ग्लुकोजपेक्षा लवकर घात करते. त्यामुळे साखर वाचवणारे कोणतेही द्रावण तपासताना माझा पहिला प्रश्न ‘साखर किती वाचली’ हा नसतो. पाणी तेवढेच निघाले का, हे मी आधी पाहतो. त्याचे उत्तर होकारार्थी असेल तरच पुढचे आकडे वाचण्यात अर्थ आहे.

प्रश्न : प्रयोगशाळांमध्ये नवे काय चालू आहे? पूर्ण बिनसाखरेचे द्रावण येईल का?

उत्तर : आधी उमेदवाराची परीक्षा किती कडक आहे ते पाहा. त्याने पाणी ओढले पाहिजे, पण पडद्याला दुखावता कामा नये. रक्तात गेलेला अंश शरीराला पचवता आला पाहिजे, तो साठता कामा नये. उष्णतेत तो टिकला पाहिजे, रक्ताच्या नेहमीच्या तपासण्यांत गोंधळ घालता कामा नये, आणि रोज आठ-दहा लिटर, वर्षानुवर्षे, वापरता येईल इतक्या प्रमाणात तो तयार करता आला पाहिजे. नेहमीच्या औषधाची मात्रा मिलिग्रॅममध्ये असते, इथे ती दर दिवशी दहा-दहा ग्रॅमांनी मोजावी लागते. कित्येक चांगल्या कल्पना याच टप्प्यावर बाद होतात.

सध्याच्या प्रयत्नांत दोन वाटा ठळक दिसतात. पहिली ग्लुकोजच्या जागी दुसरा पदार्थ आणण्याची. इटलीतील संशोधकांनी झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा एक गोड पदार्थ) आणि एल-कार्निटिन यांवर बरेच काम केले आहे. झायलिटॉलचा प्रयत्न तिथे १९८०च्या दशकातही झाला होता. कार्निटिन शरीरात मेदाम्लांच्या ज्वलनात भाग घेते, पाण्यात चांगले विरघळते आणि पाणीही ओढते. मधुमेह नसलेल्या रुग्णांवरील एका चाचणीत कार्निटिन घातलेल्या द्रावणाने इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला. अलीकडच्या द्रावणात ग्लुकोज अर्ध्या टक्क्यावर आणून उरलेली ओढ मुख्यतः झायलिटॉलवर सोपवली आहे. त्याची पहिली मानवी चाचणी जेमतेम दहा रुग्णांवर झाली, तेव्हा तिच्यावर फार मोठे इमले बांधू नयेत. पुढची मोठी चाचणी हाती घेण्यात आली आहे. अनेक फांद्यांचे पॉलिग्लिसरॉल उंदरांवरच्या प्रयोगांत आश्वासक ठरले आहे, पण तिथून माणसापर्यंतचा पल्ला लांब असतो.

दुसरी वाट ग्लुकोज राहू देऊन पडद्याला बळ देण्याची. व्हिएन्नामधील गटाला असे आढळले की द्रावणाच्या माऱ्यामुळे पडद्याच्या पेशींची स्वतःला सावरण्याची यंत्रणा मंदावते आणि त्यामागे ग्लुटामिन या अमिनो आम्लाची उणीव हे एक कारण आहे. त्यांनी द्रावणात ग्लुटामिन पुरवणारे ॲलानिल-ग्लुटामिन मिसळले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पोटातील रोगप्रतिकारक पेशींचा प्रतिसाद आणि पडद्याच्या पेशींच्या आरोग्याचे निदर्शक सुधारले. निदर्शक सुधारले म्हणजे रुग्ण अधिक वर्षे जगले असे होत नाही, हे इम्पेंडियाने शिकवलेच आहे. तरी ही दिशा मला अधिक शहाणपणाची वाटते, कारण तिच्यात पाणी काढण्याच्या बळाशी तडजोड करावी लागत नाही. पूर्ण बिनसाखरेचे द्रावण येईल की नाही याचे भाकीत मी करणार नाही. अनेक पदार्थांनी थोडा थोडा भार वाटून घेतलेले द्रावण मला अधिक संभवनीय वाटते.

प्रश्न : तोपर्यंत घरी काय करता येईल?

उत्तर : मीठ कमी करा. मीठ कमी तर तहान कमी, तहान कमी तर साठणारे पाणी कमी आणि पाणी कमी तर सौम्य पिशवी पुरते. साखर वाचवणारे याहून स्वस्त साधन नाही. लघवी होत असेल तर ती जपा. दिवसाला २०० मिलिलिटर लघवी झाली, तर तेवढे पाणी पोटातून ओढावे लागत नाही. म्हणून लघवी वाढवणाऱ्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या असतील तर त्या चुकवू नका आणि अंगदुखीच्या गोळ्या त्यांना विचारल्याखेरीज घेऊ नका. सकाळचे वजन, प्रत्येक वेळी बाहेर आलेल्या द्रवाचे माप आणि वापरलेल्या पिशवीची तीव्रता वहीत लिहून ती वही दर भेटीला सोबत न्या. चारपैकी कोणती पिशवी एक पायरी सौम्य करून चालेल, हे डॉक्टर त्या तीन रकान्यांवरूनच ठरवतात.